अडीच फुटांच्या खाली

आमच्या शेताच्या उगवतीकडच्या धुऱ्याला लागून दोन एकरांचा एक तुकडा आहे आणि गावातली जुनी माणसे त्याला अजूनही ‘संत्र्याचं वावर’ म्हणतात, जरी तिथले शेवटचे झाड तुटल्याला वीस वर्षे झाली आहेत. आर्वी तालुक्यात तेव्हा संत्र्याची लाट होती. वरुड-मोर्शीकडचे पाहुणे लग्नकार्याला आले की बगीच्यांच्या गोष्टी सांगत, कोणाचा बगीचा व्यापाऱ्याने झाडावरच किती लाखांना घेतला याचे आकडे सांगत, आणि ऐकणारा प्रत्येक जण त्या रात्री आपल्या विहिरीचे पाणी मनातल्या मनात मोजत झोपी जाई. बाबांनीही मोजले असावे. १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्या तुकड्यात अठरा फुटांवर अठरा फूट अशी आखणी केली, अडीच फूट लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच खोल असे अडीचशेच्या वर खड्डे खणून घेतले, ते उन्हात तापू दिले, शेणखत भरले आणि पाऊस धरल्यावर जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमे लावली. मी तेरा वर्षांचा होतो. खड्ड्यांतून वर आलेली माती मला अजून आठवते. काळीभोर, कुठे खडा नाही, ढेकूळ फोडले तर आतली बाजू तेल लावल्यासारखी चकाकणारी. ती पाहून गावातले लोक बाबांना म्हणाले होते की या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटेल.

पहिली चार वर्षे काठी रोवल्यासारखेच झाले. झाडे जोमाने वाढली, आंबिया बहराची पहिली फळे आली, पाहुण्यांना टोपलीभर संत्री देण्याचे सुख आईने दोन हिवाळे भोगले. मग कोवळी पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडे याला केवडा पडला म्हणतात. बाबांनी हिराकस फवारले, शेणखत वाढवले, पाण्याच्या पाळ्या बदलल्या. त्यानंतर शेंडे वाळायला लागले आणि वाळण वरून खाली उतरत गेली. २००५ साली बगीचा तोडला. बुंधे काढायला आणलेल्या जेसीबीचा दात एका ठिकाणी खोल गेला आणि काळ्या मातीसोबत पांढरट, गोट्यांसारख्या कठीण गाठी वर आल्या. चुनखडी. तीन-साडेतीन फुटांवर तिचा जाड थर होता आणि झाडांची मुळे त्याला टेकून आडवी पसरली होती. बाबा धुऱ्यावर बसून बराच वेळ त्या गाठी हातात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, “झाड लावाचा खड्डा खंदला, पाहाचा खड्डा नाही खंदला.”

संत्रा लावण्याआधी जमिनीत चार-पाच फुटांचा एक खड्डा घ्यावा, त्याच्या उभ्या भिंतीवर मातीचे थर पाहावेत, मुरूम कुठे लागतो, चुनखडी किती आहे, पाणी मुरते की साचते हे तपासावे आणि मगच कलमांची नोंदणी करावी, ही काही गुप्त विद्या नव्हती. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, मातीचे सर्वेक्षण करणारी देशातली प्रमुख संस्था नागपुरात १९७६ पासून आहे, संत्रावर्गीय फळांचे संशोधन केंद्रही नागपुरातच आहे. ज्ञान आमच्यापासून फार दूर नव्हते. बाबा आळशी नव्हते आणि अडाणीही नव्हते. पण अडीच फुटांपर्यंत तुकड्याचा प्रत्येक खड्डा सांगत होता की जमीन उत्तम आहे आणि जे आपल्याला ऐकायचे असते ते जमीन सांगत असेल, तर आणखी दीड फूट खणून तिला कोणी अडचणीत आणत नाही. संत्र्याची गंमत अशी आहे की चूक लावताना होते आणि कळते पाच-सात वर्षांनी. कापसात फसलेला माणूस पुढच्या मृगाला सुधारू शकतो, संत्र्यात फसलेल्याचे अर्धे तारुण्य निघून गेलेले असते.

हे सगळे पुन्हा आठवायला माझा भाचा कारण झाला. तो सव्वीस वर्षांचा आहे, अमरावतीला खोली करून राहतो आणि चार वर्षांपासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. दोनदा पूर्वपरीक्षा पार झाली, पुढे गाडे अडले. मार्च महिन्यात त्याचा रात्री साडेअकराला फोन आला. अभ्यासिकेतून खोलीकडे पायी जात असावा, कारण कुत्री भुंकत होती. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, मी काय करू? थांबू का वापस येऊ?”

मी गावातले वाचनालय चालवतो. सकाळी शेत आणि संध्याकाळी वाचनालय असा माझा दिवस असतो. ‘ड’ वर्गाचे हे लहानसे वाचनालय, पण त्याच्या एकुलत्या लांब टेबलावर भाच्यासारखी दहा-बारा मुले-मुली रोज बसतात. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, जी जाहिरात निघेल ती. राज्यसेवेला खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे आणि मागासवर्गीयांना ४३, म्हणजे ठरवले तर माणूस बारा-पंधरा वर्षे ‘तयारी करतो’ या उत्तरावर काढू शकतो. असा प्रश्न मला याआधीही विचारला गेला आहे आणि मी दरवेळी काहीतरी सुज्ञपणाचे बोललो आहे. त्या रात्री मात्र मी गप्प झालो. आपल्या बहिणीच्या मुलाला आपण थांब म्हणालो तरी जबाबदारी आपली आणि ये म्हणालो तरी आपलीच, या भीतीने मी गप्प झालो असे आधी मला वाटले. नंतर लक्षात आले की कारण दुसरेच होते. माझ्या स्वतःच्या निवडी कशा झाल्या याचा हिशोब मी त्याला कधीच खरा सांगितला नव्हता.

त्या हिशोबाकडे वळण्यापूर्वी एक सांगायला हवे, नाही तर पुढचे सगळे खोटे वाटेल. ‘तुमचे भविष्य तुमच्या हातात आहे’ असे सांगणारी भाषणे आमच्या भागात बरीच होतात. बोलणारा शहरातून येतो, शाळेच्या पटांगणात मंडप असतो, आणि सकारात्मक विचारांचे फायदे ऐकणाऱ्यांत अशीही माणसे असतात ज्यांच्या घरातला कर्ता पुरुष कर्जापायी गेलेला आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते, त्या सहांत आमचा वर्धा जिल्हा होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची बोंडे आतून पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. त्यांच्या घरच्यांना कोणी जाऊन विचारेल का, की तुमची निवड कुठे चुकली? पाऊस आपला नाही, हमीभाव दिल्लीत ठरतो, बियाण्याच्या पाकिटात काय आहे ते उगवल्यावर कळते. इतके सगळे वजा केल्यावर हातात जे उरते ते फार थोडे असते. माझे म्हणणे त्या उरलेल्या थोड्याविषयी आहे. ते थोडे आहे म्हणूनच ते खरोखर आपले होते की तेही कोणाचे उसने आणले होते, हे पाहण्याला महत्त्व येते.

१९९९ साली मी बारावी विज्ञान शाखेतून पास झालो. गुण बरे होते, आणि गणित-शास्त्रात बरे गुण असलेल्या मुलाने इंजिनिअर व्हायचे हे आमच्या गावात उन्हाळ्यानंतर पावसाळा यावा इतके स्वाभाविक होते. मला त्याविषयी काय वाटते हे कोणी विचारले नाही, हे खरे आहे. पण त्याहून खरे हे की मीही स्वतःला ते विचारले नव्हते. पेढे वाटले गेले, तूर विकून पहिली फी भरली आणि मी नागपूरला एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायला गेलो. पहिल्या वर्षीच एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला. मुले सहज म्हणत की बॅक तर सगळ्यांचेच लागते, काढून टाकू. माझा तो दुसऱ्यांदाही राहिला आणि त्याच्या सोबतीला आणखी तीन आले. घरी मी सांगितले, सगळे ठीक आहे. एक वर्षभर मी हे सांगत राहिलो. दुपारी तासांना न जाता सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांसमोर उभा राहून वाचत असे, कथा, प्रवासवर्णने, चरित्रे, जे हाताला लागेल ते. २००१ च्या दिवाळीला बाबा न कळवता वसतिगृहावर आले. हातात चिवड्याचा डबा होता. खोलीच्या दाराला माझ्या सहनिवासी मुलाने निकालाची यादी चिकटवून ठेवली होती, त्यात माझ्या क्रमांकासमोर काय आहे ते बाबांनी माझ्या आधी वाचले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?”

मी पुष्कळ वर्षे या गोष्टीचा सारांश असा सांगत आलो की माझ्यावर इंजिनिअरिंग लादले गेले आणि माझा ओढा साहित्याकडे होता. ऐकायला बरी वाटणारी गोष्ट आहे, वाचनालय चालवणाऱ्याला शोभणारीही. पण ती अडीच फुटांपर्यंतचीच माती आहे. लादले म्हणावे, तर मी एकदाही नको म्हणालो नव्हतो. ओढा होता म्हणावे, तर मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करतो असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात पुढची दोन वर्षे आले नाही. ते आले तेव्हाही मी मुक्त विद्यापीठाचा अर्ज कोणाला न सांगता टपालाने मागवला होता. खाली जो थर आहे तो निराळा आहे: चारचौघांत वेगळे दिसण्याची मला भीती वाटते, आणि ती भीती मी मौनाने झाकतो. गणितात नापास होणे हा त्या थराला टेकून आडव्या गेलेल्या मुळांचा परिणाम होता. हे मला तेव्हा कळले असते तर मी इंजिनिअर झालो असतो का, कोण जाणे. पण एक वर्ष खोटे बोललो नसतो.

हे कळायला एक वही कारण झाली. बाबा २०११ मध्ये गेले. वर्षश्राद्धानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही निघाली. ती वही आम्ही लहानपणापासून पाहत होतो, पण तिच्यात फक्त मजुरीचा हिशोब असतो अशी आमची समजूत होती. बाबा सातवी शिकलेले होते. त्यांनी पानावर उभ्या रेषा मारून रकाने पाडले होते: तारीख, काम, खर्च, ओल किती वीत, आणि शेवटी एक अरुंद रकाना, ज्याच्या माथ्यावर लिहिले होते ‘कोणी सांगतलं’. कोणते बियाणे घेतले त्यापुढे ‘कृषी केंद्रवाला’. सोयाबीन पहिल्यांदा पेरले त्यापुढे ‘रेडिओ’. कर्ज काढले त्यापुढे ‘मोठा भाऊ’. एका ठिकाणी, बहुधा रागाच्या भरात, ‘हिनं’ म्हणजे आईने. १९९४ च्या पानावर संत्र्याच्या कलमांची रक्कम होती आणि तिच्या पुढे त्या अरुंद रकान्यात मावावे म्हणून बारीक अक्षरात लिहिले होते, ‘सगळेच लावून राहिले’.

मी ती वही एका बैठकीत वाचली. एकतीस वर्षांच्या नोंदींत शेवटच्या रकान्यात ‘मी’ हा शब्द चारच वेळा होता. पहिल्यांदा १९८६ मध्ये, ‘विहीर सात फूट खोल केली’ याच्यापुढे. ती विहीर खोल करूनही पाणी लागले नव्हते, हे मला आईकडून ठाऊक होते. म्हणजे ‘मी’ लिहिलेला निर्णय बरोबर ठरला असे काही नाही. दुसरा बैल न विकण्याचा होता, तिसरा एका नातेवाइकाला जामीन न राहण्याचा, ज्यावरून पुढे दहा वर्षे बोलणे बंद होते. चौथा १९९२ च्या जुलैचा. ‘पोरीची सायकल, ११०० रु.’ आणि पुढे ‘मी’. ताई तेव्हा गावच्या शाळेतून सातवी पास झाली होती, पुढची शाळा नऊ किलोमीटरवर, आणि वयात आलेल्या मुलीला एकटीने सायकलवर पाठवण्यावरून पारावर काय काय बोलले गेले ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ताई आज ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि भाच्याच्या अमरावतीच्या खोलीचे भाडे त्या सायकलवरून येते असे म्हटले तर चूक होणार नाही. मात्र वही मिटताना मला विहिरीचीच आठवण अधिक येत राहिली. संत्र्याविषयी बाबा मरेपर्यंत बोलत, कधी पाहुण्यांना दोष देत, कधी कलमवाल्याला. त्या कोरड्या विहिरीविषयी मात्र मी त्यांना एकदाही कुरकुरताना ऐकले नाही. तिथे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून कदाचित तो हिशोब तिथेच मिटला असावा.

त्या वर्षीपासून मीही तशी वही ठेवू लागलो. रकाने तेच ठेवले. फक्त एक नियम स्वतःला घालून घेतला की कारण त्याच दिवशी लिहायचे, नंतर नाही. माणूस नंतर जे लिहितो ते वकिलाने लिहिल्यासारखे असते. डोळे मिटून अंतर्मुख होण्याचे प्रयोगही मी करून पाहिले आहेत, आणि माझा अनुभव असा की डोळे मिटले की मला माझ्याविषयी जे मानायला आवडते तेच दिसते. स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट लिहिलेले कारण मात्र गैरसोयीचे साक्षीदार असते. ते उलट तपासणीत फुटत नाही.

त्याची प्रचिती मला कापसाने दिली. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता, आणि पुढच्या वर्षी सगळा विदर्भ त्या आकड्याची वाट पाहत बसला. २०२२ च्या डिसेंबरात माझ्याकडे चाळीस क्विंटल कापूस होता. समोरची खोली आढ्यापर्यंत भरली होती, मुले आतल्या खोलीत दाटीवाटीने झोपत होती, आणि कापूस घरात असला की अंगाला जी खाज सुटते तिच्यामुळे रात्री कोणी ना कोणी उठून पाणी पीत असे. व्यापाऱ्याने ८,६०० रुपये दर दिला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ६,३८० होता, म्हणजे दर वाईट नव्हता, आणि मला मुलीच्या फीसाठी पैसे हवेही होते. बायको म्हणाली, अर्धा तरी द्या. मी दिला नाही. मे महिन्यात तोच कापूस ७,१५० ने गेला. सुकून वजन घटले ते वेगळेच, नुसत्या दराच्या फरकाचे ५८,००० रुपये झाले. त्या रात्री नुकसानीची नोंद करायला वही उघडली आणि डिसेंबरचे पान समोर आले. मला पक्के आठवत होते की मी बाजाराचा अभ्यास करून, निर्यातीच्या बातम्या वाचून थांबलो होतो. पानावर माझ्या अक्षरात होते: ‘थांबावे. सगळेच थांबले आहेत.’

मी पेटीतून बाबांची वही काढली आणि १९९४ चे पान त्या पानाशेजारी ठेवले. ‘सगळेच’ हा शब्द आम्हा दोघांच्या अक्षरात सारखाच तिरका पडतो. अठ्ठावीस वर्षांचे अंतर, त्यांचे सातवीपर्यंतचे शिक्षण आणि माझी पदवी, आणि खाली थर तोच. बायकोने विचारले काय झाले, तर मी काहीच नाही म्हणालो. म्हणजे पुन्हा मौनच.

शाळेत असताना आमची सहल वरोऱ्याजवळच्या आनंदवनात गेली होती. तिथल्या मार्गदर्शकाने सांगितलेल्या आकड्यांतले मला फारसे काही आठवत नाही, पण एक गोष्ट मनात रुतून राहिली, आणि ती सेवेची नसून पळून जाण्याची आहे. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर आमटे वरोऱ्यात वकिली करत होते. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले होते आणि गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. अशा माणसाला पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला, अंगात किडे पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला आणि ते घाबरून घराकडे पळाले. पुढे ते परत आले, त्याची शुश्रूषा केली, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. पण बाबा आमटे ही पळण्याची गोष्ट जन्मभर स्वतः सांगत राहिले. निर्भय म्हणून गाजलेल्या माणसाला ती झाकता आली असती. रस्त्यावर तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवायला कोणी नव्हते. आपल्या धैर्याची माती किती फुटांवर संपते हे त्यांना त्या संध्याकाळी दिसले, आणि पुढचे आयुष्य त्यांनी त्याच जागेवर उभे केले. लहानपणी मला ही गोष्ट थोडी लाजिरवाणी वाटली होती, थोर माणसाने असे पळायला नको होते असे वाटले होते. आता वाटते की वकील आमट्यांना स्वतःच्या धैर्याविषयी फक्त टाळ्याच ऐकू येत राहिल्या असत्या, तर ते वरोऱ्यातले एक नामांकित वकीलच राहिले असते.

मे महिन्यात भाचा आठ दिवसांसाठी गावी आला. मी शेताच्या मावळतीकडच्या उंचवट्यावर पुन्हा संत्रा लावावा का, या विचारात होतो आणि यावेळी पाहण्याचा खड्डा घ्यायचा हे ठरलेले होते. मजूर मिळत नव्हते, म्हणून सकाळी सहाला आम्ही दोघेच कुदळ, फावडे आणि सब्बल घेऊन गेलो. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते. पहिला फूट खणायला तासभर लागला आणि अभ्यासिकेत चार वर्षे बसलेल्या पोराच्या हातांना फोड आले, पण तो थांबायला तयार नव्हता. अडीच फुटांवर पोचलो तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, “मामा, माती तं एक नंबर आहे.” मी म्हणालो, तुझे आबाजीही इथेच थांबले होते. दुसऱ्या दिवशी तीन फूट झाले, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साडेचार फूट. तो आत उतरला आणि मी वरून पाहत राहिलो. खड्ड्याच्या भिंतीवर वरचा काळा पट्टा, त्याखाली थोडा तांबूस-काळा, आणि तळाशी भुरकट, भुसभुशीत मुरूम उघडा पडला होता. भाच्याने घरून स्वच्छतागृह धुण्याच्या ॲसिडची बाटली आणली होती, कारण चुनखडीवर ॲसिड पडले की फेस येतो हे त्याला पाठ होते. भूगोलाच्या पेपरसाठी पाठ केलेले असावे. तो वाकून, नाकाला रुमाल बांधून, वीतभर अंतरावर एकेक थेंब टाकत खाली गेला. वर काही नाही. मध्ये काही नाही. चार फुटांवर बारीकसा ‘चर्र’ आवाज आला आणि मोहरीएवढे बुडबुडे उठले. त्याने मान वर करून पाहिले. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर पूर्वपरीक्षेचा निकाल लागला तेव्हाही पाहिला नव्हता.

मी त्यावरून काही निष्कर्ष काढायचा नाही असे ठरवले. मुलाला मातीत हात घालून आनंद झाला म्हणजे त्याने शेती करावी, असले उतावीळ अर्थ काढण्यातच आमच्या दोन पिढ्या गेल्या आहेत. पहिल्या पावसात बगीच्याचा निर्णय करणाऱ्यांसारखेच ते झाले असते. मी फक्त त्या रात्री दोन्ही वह्या त्याच्या खाटेवर ठेवल्या आणि इंजिनिअरिंगच्या वर्षाची खरी हकिकत त्याला सांगितली, यादी चिकटवलेल्या दारासकट. ताईला ती आजही पूर्ण ठाऊक नाही. तो वहीची पाने उलटत ऐकत होता. मधेच एकदा त्याने विचारले, “आबाजीनं ‘मी’ असं चारदाच लिहिलं?” मी हो म्हणालो. सायकलच्या नोंदीवर तो बराच वेळ थांबला, मग त्याने रकान्यांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि दिवा मालवला.

परत जाताना त्याने खड्डा बुजवायचा का असे विचारले. मी म्हणालो, राहू दे, एक पाऊस पडून पाणी मुरते की नाही तेही पाहू. संत्र्याच्या मुळांना उभे पाणी चालत नाही, डिंक्या रोग लागतो. खड्ड्याभोवती मी बोरीच्या काट्यांचे कुंपण लावून ठेवले, गाईगुरे पडू नयेत म्हणून.

जूनच्या मध्यात एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळी खड्डा अर्ध्यापर्यंत भरलेला होता. एक बेडूक काठाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालय उघडत असतानाच भाच्याचा फोन आला. पावसाची चौकशी नाही, ताईची चौकशी नाही.

“मामा, पाणी मुरलं का?”

“अजून वीतभर आहे,” मी म्हणालो. “सकाळी हातभर होतं. उद्या परत पाहून सांगतो. अन् तुझं?”

पलीकडून अभ्यासिकेतल्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.